आत्या जिवंत आहे

वस्तरा गळ्याशी होता नेमका तेव्हाच मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "तो व्हीजे लुबोवा एक नंबरचा खोटारडा आहे." मी दचकलो, पण हललो नाही. हललो असतो तर गळ्याचं काही खरं नव्हतं. न्हावी म्हणाला, "मान सरळ ठेवा, दादा," आणि मी मान सरळ ठेवली. वांदेगेयातलं हे सलून माझ्या वाटेवरचं नव्हे, तरी मी मुद्दाम इतक्या लांब येतो, कारण इथं मला कोणी ओळखत नाही. म्हणजे तोंडावरून ओळखत नाही. तोंड उघडलं की खेळ खलास. कंपालात असा टॅक्सीवाला, असा इस्त्रीवाला, असा चपातीत अंडं गुंडाळून विकणारा सापडणार नाही ज्याच्या कानावरून माझा आवाज गेलेला नाही. बाहेरचा सिनेमा लावायचा, त्याचा आवाज बारीक करायचा, माइक हातात घ्यायचा आणि पडद्यावरच्या सगळ्यांच्या तोंडचं आमच्या लुगांडा भाषेत आपणच बोलायचं. हीरो आपण, खलनायक आपण, मरणारी म्हातारी तीही आपणच. वर मधूनमधून आपल्या पदरच्या कोपरखळ्या. ह्यालाच इथं व्हीजे म्हणतात. पंचवीस वर्षं मी हेच केलं, दुसरं मला काही येत नाही. तर मी गप्प बसलो आणि ते दोघं माझ्या पाठीमागं माझीच लक्तरं काढत राहिले.

भांडण आत्यावरून होतं. ‘मिठाचा तारा’ ही मालिका आता सगळ्यांना ठाऊक आहे. पृथ्वी वाळून गेली आहे, एक जहाज आभाळातून नवीन जमीन शोधत चाललंय, आणि त्या जहाजाचं इंजिन सांभाळते एक फाटक्या तोंडाची बाई. मूळ नाव काहीतरी आहे तिचं, आमच्या जिभेला न झेपणारं. मी तिला पहिल्या दिवसापासून आत्या म्हटलं, कारण ती सगळ्यांना झापते, पोरींना शहाणपण शिकवते आणि जेवल्याशिवाय कोणाला सोडत नाही. आमच्याकडे आत्यापुढं राजाही आवाज चढवत नाही. झालं, लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी जहाजाचा दरवाजा बाहेरून बंद करायला ती जाते, दोर तुटतो, ती अंधारात लांब लांब जायला लागते. कप्तान काचेला हात लावून काहीतरी म्हणतो. काय म्हणतो? माझ्या तोंडून तो म्हणाला होता, "मी येतोय. तू झोप जरा." ह्या एका वाक्यावर कंपाला दोन वर्षं थांबली. टॅक्सींच्या मागच्या काचांवर रंगवलं लोकांनी ते. आणि आता तिसरा सीझन फोनवर आला तर कप्तान म्हातारा झालाय, जमीन सापडलीय, आणि आत्या कुठंच नाही.

"मेली ती," मागचा एक म्हणत होता. "दुसऱ्या सीझनलाच मेली. मी फोनवर बघितलं, खाली इंग्रजी अक्षरं असतात. कप्तान साफ म्हणतो, माफ कर, मी तुला सोडून जातोय."

"अक्षरं लिहिणारा चुकला असेल."

"अक्षरं चुकली, मालिका काढणारे चुकले, फक्त तुझा लुबोवा बरोबर का?"

"हे बघ, नवीन लेखक आणलेत त्यांनी. मागचं न बघता लिहीत सुटलेत. आत्याला असं टाकून देतात होय? पैसे कमी दिले असणार त्या बाईला, म्हणून ती आलीच नसेल कामाला."

"तुझं डोकं केसांसकट कापायला सांग ह्याला."

न्हावी हसला आणि त्यानं मला विचारलं, "तुमचं काय मत, दादा? मेली की जिवंत?" मी खांदे उडवले. पावडर लावून घेतली, पैसे दिले आणि तोंडातून अवाक्षर न काढता बाहेर पडलो. बाहेर उन्हात उभा राहिल्यावर लक्षात आलं की उरलेले पैसे घ्यायचे विसरलो. कोणी मला वाईट म्हटलं म्हणून नव्हे, शिव्या खायची सवय आहे मला. पण ते वाक्य माझं नव्हतं. ते माझ्या बायकोचं होतं, आणि तिनं मला सांगितलेलं ते शेवटचं वाक्य होतं.

हे मी तोवर कोणाला कधी सांगितलेलं नव्हतं. मला इंग्रजी येत नाही. म्हणजे थांब, पळ, बंदूक, पोलीस, आय लव्ह यू एवढं येतं, आणि पहिली चार-पाच वर्षं मी तेवढ्यावरच निभावलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मारामारीला भाषा लागत नाही, आणि चुंबनाच्या वेळी तर लोकच बोलतात. मग एका रविवारी कात्वेच्या हॉलमध्ये, जिथं माझे खेळ चालतात, भलत्याच जागी एक बाई खो-खो हसली. माणूस मरत होता आणि ही हसत होती. खेळ संपल्यावर माझ्यापाशी आली, रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला, आणि मान खाली घालून अगदी गोड आवाजात म्हणाली, "साहेब, तो ‘माझ्या बापाला का मारलंस’ असं म्हणत नव्हता. ‘माझं घड्याळ कुठाय’ असं म्हणत होता." प्राथमिक शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवायची. नान्तोंगो तिचं नाव. मला इतका राग आला की मी तिचा पत्ता विचारला. लग्नानंतर चारचौघांत ती मला अहो म्हणायची, हॉलचा मालक हाजी झिवा दिसला की त्याच्यापुढं गुडघे टेकायची, आणि घरी व्हिडिओच्या यंत्रापुढं बसलो की, "गप, चुकतोयस. पुन्हा सांगते, ऐक." मांडीवर केळी घेऊन सोलत बसायची, नजर पडद्यावर, आणि एकेक वाक्य माझ्या कानात घालायची. मी ते उचलून, तिखटमीठ लावून लोकांना वाढायचो. टाळ्या मला. तिला त्याचं काही नव्हतं. एकदा मी म्हटलं, तुझं नाव सांगू का लोकांना? तर म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला इंग्रजी येत नाही हे कळलं तर हाजी उद्या दुसरा आणेल." खरं होतं तिचं. मी लगेच ऐकलं, इतकं लगेच की आज आठवलं तरी लाज वाटते.

दुसरा सीझन आला तेव्हा ती वॉर्डात होती. पोटात गाठ आली होती ती यकृतापर्यंत गेली होती. स्टुलावर लॅपटॉप ठेवायचा, इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. एक वाक्य, थांबव, सांग. एक वाक्य, थांबव, सांग. मी म्हणायचो राहू दे, आराम कर. ती म्हणायची, "आराम करूनच तर कंटाळले." शेवटचा भाग आम्ही शुक्रवारी बघितला. आमची मुलगी नाकिमुली पायाशी बसली होती. कप्तान काचेला हात लावतो तिथं नान्तोंगोनं स्वतःच थांबवलं. मागं घेतलं. पुन्हा बघितलं. तीनदा बघितलं. मग मला पाणी आणायला पाठवलं. मी आलो, ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्हणतोय, मी येतोय. तू झोप जरा."

"एवढंच? तोंड तर बराच वेळ हलतंय त्याचं."

"एवढंच. बाकी नुसता श्वास आहे."

रविवारी दुपारी मी निघत नव्हतो. तीच म्हणाली, जा, लोक ताटकळले असतील. मी काय म्हणालो निघताना? चहा संपव म्हणालो. अठरा वर्षांचा संसार आणि चहा संपव. चार वाजून काही मिनिटांनी मी कात्वेच्या हॉलमध्ये तीनशे माणसांपुढं ते वाक्य म्हटलं, आणि असं म्हटलं की पत्र्याच्या त्या हॉलमध्ये पंखासुद्धा ऐकू यायला लागला. टायरवाला बोसा, बैलासारखा माणूस, हुंदके देत होता. हाजीनं मला मिठी मारली. मी हवेत तरंगतच वॉर्डात पोचलो, तिला सांगायला, की बघ, रडवलं सगळ्यांना. खाटेवरची गादी दुमडून ठेवली होती. नर्स म्हणाली, सव्वाचार. पुढं सगळं रीतीनं झालं, गावी नेलं, केळीच्या बागेत पुरलं, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून, भावकी आली, जेवली, गेली. मी रडलो नाही. मला येईचना. आलेल्यांची मी विचारपूस करत होतो, कोणाला बसायला जागा मिळाली की नाही बघत होतो. त्यानंतर दोन वर्षं फक्त मारामारीचे सिनेमे केले. लोक विचारायचे, तिसरा सीझन कधी? मी हसून म्हणायचो, येतोय. मनात म्हणायचो, न येवो.

तर त्या गुरुवारी सलूनमधून बाहेर पडलो तोच हाजीचा फोन. "लुबोवा, काल हॉलमध्ये मारामारी झाली रे. बोसानं एकाच्या अंगावर बाक फेकला. रविवारी सगळे येणारेत, दोन्हीकडचे. तू काय ते एक सांगून टाक."

"काय सांगू?"

"सांग की चेष्टा केली होती. व्हीजे चेष्टाच करतो, कोण विचारतंय? नाहीतर दुसरं कर. ह्या भागात म्हणे कप्तान एका भिंतीपुढं उभा राहून नावं वाचतो. पोरं म्हणतात, मेलेल्यांची नावं आहेत. तू म्हण, हरवलेल्यांची आहेत. झालं! आत्या जिवंत, बोसा खूश, आणि पुढचे आठ रविवार हॉल भरलेला. तुझ्या जिभेला काय हाड आहे?"

मला खरं तर हेच हवं होतं. हाजीच्या आधी माझ्याच मनात आलं होतं ते. चेष्टा केली असं मी मेलो तरी म्हणणार नव्हतो, तिच्या शेवटच्या शब्दाला चेष्टा कोण म्हणेल? पण हरवलेल्यांची भिंत, हे चालण्यासारखं होतं. तिचं वाक्य खरं राहील, आत्या कुठंतरी झोपलेली राहील आणि कप्तान वाटेत राहील. एक सीझन निघेल. पुढचं पुढं. रात्रंदिवस तेच घोळत राहिलं, आणि खोटं कशाला बोलू, दोन वर्षांत पहिल्यांदा मला जेवण गोड लागलं.

शनिवारी सकाळी नाकिमुली विद्यापीठाच्या होस्टेलवरून आली. नवीन भाग तिनं आधी बघून ठेवला होता आणि सगळं लुगांडात कागदावर उतरवलं होतं, सुबक, आईसारख्याच अक्षरात. मी तिला हरवलेल्यांच्या भिंतीची युक्ती सांगितली. म्हटलं, तुझ्या आईनं ऐकलं ते बरोबरच होतं, आता हे मालिकावाले शब्द फिरवतायत. ती शेंगदाणे कुटत होती. मुसळ थांबलं.

"बाबा, एक सांगू? रागवायचं नाही. आईनं नीट ऐकलं होतं. तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा मी विचारलं तिला. म्हटलं, आई, खरं काय म्हणाला तो? म्हणाली, माफ कर, मी तुला सोडून जातोय, असं म्हणाला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी पण हेच विचारलं. तर म्हणाली, रविवारी हे तुझ्या बापाला तीनशे माणसांपुढं म्हणावं लागेल. त्याला नाही झेपायचं. आणि मी इथं पडलेली असताना त्याच्या तोंडात ते घालायला मलाही नाही जमायचं."

मी भडकलो. होय, भडकलो. म्हटलं, अठरा वर्षं एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नाही तिनं आणि अख्ख्या शहरापुढं मला तोंडघशी पाडलं! सलूनमध्ये पोरं मला खोटारडा म्हणतायत! पोरगीनं पुन्हा मुसळ उचललं. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. समोरची बाई दोरीवर चादरी वाळत घालत होती, तिनं नमस्कार केला, मी केला. आणि तिथं, चादरींकडं बघता बघता, मला हळूहळू उमगलं की मी निघताना जे बोललो नाही ते तिनं आधीच माझ्या तोंडी घालून ठेवलं होतं. तिला ठाऊक होतं मी चहा संपव असलं काहीतरी म्हणेन. माहीतच होतं तिला, नवरा कसा आहे ते. म्हणून तिनं मला वाक्य दिलं, आणि मी ते सव्वाचारच्या सुमाराला, माइकमध्ये, पूर्ण ताकदीनं म्हटलं, कोणाला म्हणतोय ते न कळता. मी तिथं जेवायच्या वेळेपर्यंत बसून होतो. नाकिमुलीनं दोनदा हाक मारली.

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डावीकडं बोसा आणि त्याची माणसं, गॅरेजवाले, भाजीवाल्या, दोन शाळामास्तर. उजवीकडं फोनवाले, तरणे, त्यांचा म्होरक्या कावेसी नावाचा मोटारसायकलवाला, हेल्मेट मांडीवर घेऊन. मी आत आलो तर डावीकडून आरोळी उठली, "आत्या!" उजवीकडून उत्तर आलं, "मेली!" बोसा म्हणाला, "तुझी मेली असेल." हाजीनं माझ्याकडं बघून भिंतीची खूण केली. मी मान डोलावली. खरं सांगतो, तेव्हाही मी तेच करणार होतो. नाकिमुलीचा कागद खिशात होता, पण मला नान्तोंगोचा शब्द राखायचा होता.

पहिला अर्धा तास झकास गेला. नवीन जमिनीवर पाऊस पडत नाही तर मी मंत्र्यांवर दोन टोमणे मारले, दोन्ही बाजू हसल्या. मग कप्तान भिंतीपाशी आला. पांढरी दाढी, हात कापतायत. त्यानं वाचायला सुरुवात केली आणि मी म्हटलं, "ही भिंत..." आणि पुढचा शब्द येईना. हरवलेल्यांची, एवढाच शब्द. कप्तान एका नावावर बोट ठेवून उभा होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते बघून कुत्र्यालासुद्धा कळलं असतं. हा माणूस कोणाला शोधत नव्हता. आता ह्याच्या तोंडी मी पुन्हा ‘येतोय’ घालू? तिनं घातलं होतं ते मला वाचवायला, एका रविवारपुरतं. मी ते दोन वर्षं ओढलं होतं, आणि आता अजून ओढणार होतो.

"ही भिंत मेलेल्यांची आहे," मी म्हणालो. "आत्या मेली. तेव्हाच मेली. कप्तान तेव्हा म्हणाला होता, माफ कर, मी तुला सोडून जातोय."

उजवीकडं एकच जल्लोष. कावेसी बाकावर चढला. डावीकडून बोसा उभा राहिला आणि त्याच्या आवाजानं सगळे थंड झाले. "मग दोन वर्षं आम्हाला येडं का बनवलंस? माझ्या म्हातारीनं मरताना विचारलं होतं मला, आत्या परत आली का म्हणून. मी सांगितलं, येतेय. तुझ्या शब्दावर सांगितलं, लुबोवा!"

"मला इंग्रजी येत नाही," मी म्हणालो. माइक चालूच होता. हाजीनं डोक्याला हात लावला. "कधीच येत नव्हतं. माझी बायको सांगायची, मी बोलायचो. तुम्ही इतकी वर्षं ऐकलंत ते सगळं नान्तोंगोचं होतं, ओरडणं तेवढं माझं. ‘मी येतोय’ हेही तिनंच सांगितलं. ती तेव्हा वॉर्डात होती. तिला ठाऊक होतं खरं काय ते. मला ते म्हणवणार नाही म्हणून तिनं बदललं. तुम्हाला काय बोलायचं ते मला बोला, तिला कोणी काही म्हणायचं नाही."

पडद्यावर कप्तान बोलत होता, त्याच्या भाषेत, बारीक आवाजात. मी खिशातून कागद काढला. मग बोसा, अजून उभाच, जरा खालच्या सुरात म्हणाला, "तो कागद राहू दे रे. आज ती असती तर काय सांगितलं असतं तिनं? ते बोल तू."

वाटलं, हे आपल्याला येईल. अठरा वर्षं ऐकलं होतं तिचं, तिची जीभ मला पाठ असायला हवी होती. मी माइक तोंडापाशी धरला, कप्तानाच्या ओठांकडं बघितलं आणि वाट बघितली. तीनशे माणसं माझ्याबरोबर वाट बघत होती. काही सुचलं नाही. कोणी काही सांगितलं नाही. ओठ हलत राहिले, मी वाट बघत राहिलो, आणि ती कुठंच नव्हती.

"माझी नान्तोंगो गेली हो," मी म्हणालो, आणि तिथंच, माइक हातात धरून, मला रडू फुटलं. पत्रे हलतील इतकं मोठ्यानं. माइक कसा बंद करायचा तेसुद्धा आठवेना. कावेसी बाकावरून उतरला, पुढं आला, माझ्या हातातून तो काढून घेतला आणि बटण दाबलं. बोसानं चित्र थांबवलं. भर दुपारची वेळ, दारं सताड उघडी, बाहेर टॅक्सीवाले गिऱ्हाईक ओरडतायत, पण उठून कोणी गेलं नाही. भाजीवाल्या बाकांवरून खाली जमिनीवर उतरून बसल्या, मयताच्या घरी बसतात तशा. मग गॅरेजवाले बसले, मग फोनवाली पोरं, जिथं जागा मिळाली तिथं, एकमेकांना सरकायला सांगत. हाजीनं आपल्या खुर्चीवरची उशी आणून माझ्याखाली सरकवली. बोसानं विचारलं, "किती वर्षांची होती?" मी सांगितलं, त्रेचाळीस.